खोलण्यापूर्वीचे निदान : जुन्या मोटारींतील स्वयंचलित गिअरबॉक्स आणि महाराष्ट्रातील दुरुस्तीविद्या

प्रस्तावना

भारतातील मोटारीचा इतिहास आजवर मुख्यतः तीन अंगांनी लिहिला गेला आहे : कारखानदारीचे अंग, शासकीय धोरणाचे अंग आणि संस्थानिकांच्या हौसेचे अंग. या तिन्ही प्रकारच्या लेखनात मोटार तयार होते, विकत घेतली जाते, मिरवली जाते. ती बिघडत मात्र नाही. वस्तुतः कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरचे मोटारीचे जवळजवळ सर्व आयुष्य बिघाड आणि दुरुस्ती यांच्यामध्येच जात असते. त्या आयुष्याची साधने विखुरलेली आहेत, आणि ज्यांच्याजवळ ती आहेत त्या मिस्त्रींनी सहसा काही लिहून ठेवलेले नाही. त्यामुळे दुरुस्तीचा इतिहास हा इतिहासाच्या कक्षेबाहेरच राहिला.

प्रस्तुत निबंधाचा विषय त्यातील एक लहानसा, परंतु अर्थपूर्ण भाग आहे. १९४० ते १९७० या काळातील परदेशी मोटारींमध्ये बसविलेल्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे दोष ओळखण्याची विद्या महाराष्ट्रात का रुजली नाही, हा प्रश्न येथे विचारात घेतला आहे. 'आपल्या मिस्त्रींना ते यंत्र कळलेच नाही' हे त्याचे प्रचलित उत्तर आहे. हे उत्तर सोपे आहे, पण ते अन्यायकारक आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जी माणसे फियाटचा किंवा अॅम्बेसेडरचा गिअरबॉक्स केवळ आवाजावरून ओळखत होती, त्यांना बुद्धी कमी होती असे म्हणता येणार नाही. अडचण पद्धतीची होती, आणि त्या पद्धतीला स्वतःचा इतिहास आहे.

यंत्राची ओळख

साध्या गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि चाके यांच्यातील संबंध चालक स्वतःच्या पायाने तोडतो व हाताने पुन्हा जुळवितो. हे काम यंत्राकडे सोपविण्याची कल्पना मोटारीच्या जगात जन्मलेली नाही, ती जहाजांच्या जगातून आली. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याने श्टेटीन येथील व्हल्कन या जहाजबांधणी कारखान्यात काम करीत असताना १९०५ मध्ये द्रवाच्या साह्याने शक्ती पोहोचविण्याच्या साधनाचे पेटंट घेतले. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. येथे वाऱ्याऐवजी तेल असते, एवढाच फरक. या दोन चक्रांच्या मध्ये तिसरे चक्र बसवून तेलाचा प्रवाह योग्य दिशेने वळविला की फिरविण्याची ताकद वाढते. त्यालाच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

मोटारींमध्ये हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर उतरविण्याचे श्रेय जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिककडे जाते. अर्ल थॉम्प्सन यांच्या गटाने विकसित केलेला हा चार गतींचा गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये आला. गाड्यांची विक्री १९३९ च्या अखेरीसच सुरू झाली होती. पुढे ब्यूकचा डायनाफ्लो १९४८ मध्ये, शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड १९५० मध्ये, फोर्डचा फोर्ड-ओ-मॅटिक १९५१ मध्ये, क्रायस्लरचा पॉवरफ्लाइट १९५३ मध्ये आणि टॉर्कफ्लाइट १९५६ मध्ये बाजारात आला. क्रायस्लरने १९५६ ते १९६४ या काळात गिअर बदलण्यासाठी दांडीऐवजी डॅशबोर्डवर बटणे दिली होती. जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत या बटणांभोवती आजही गर्दी जमते.

या सर्व यंत्रांत एक गोष्ट समान आहे. आत दंतचक्रांचे ग्रहमालेसारखे संच असतात. त्यांतील कोणते चक्र फिरू द्यायचे आणि कोणते रोखून धरायचे हे क्लच व बँड ठरवितात, आणि क्लच व बँड यांना आवळणारी शक्ती पंपाने निर्माण केलेला तेलाचा दाब ही असते. हा दाब केव्हा, किती आणि कोणत्या वाटेने जाईल याचा निर्णय झडपांचा एक गुंतागुंतीचा संच घेतो. गाडीचा वेग त्याला गव्हर्नर सांगतो, आणि चालकाने अॅक्सिलरेटर किती दाबला आहे हे एक दांडी किंवा इंजिनातील निर्वात दाब सांगतो. म्हणजे या यंत्रात धातूइतकाच, किंबहुना धातूपेक्षा अधिक, दाब महत्त्वाचा आहे. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर आधारलेले आहे.

आगमन आणि निर्गमन

मुंबई हे या देशातील मोटार उद्योगाचे एक आद्य केंद्र. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. फोर्डनेही मुंबईत बस्तान बसविले. सर विश्वेश्वरय्या यांनी मोटार कारखान्याच्या कल्पनेचा दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. ती कल्पना प्रत्यक्षात आणणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांची जुळणी होऊ लागली.

यानंतर जे घडले ते आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर १९५३ मध्ये शासनाने असे ठरविले की, ज्या कंपन्यांजवळ देशात प्रत्यक्ष निर्मिती करण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी जुळणीचे काम थांबवावे. १९५४ पर्यंत जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपले येथील काम आवरते घेतले. देशी उद्योगाच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता की नाही, हा वेगळ्या निबंधाचा विषय आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. पॉवरग्लाइड १९५० चा, फोर्ड-ओ-मॅटिक १९५१ चा, पॉवरफ्लाइट १९५३ चा. अमेरिकेत स्वयंचलित गिअरबॉक्स सर्वसामान्यांच्या गाडीत उतरला तो नेमका याच चार-पाच वर्षांत, आणि याच चार-पाच वर्षांत त्या कंपन्यांनी मुंबई सोडली. कंपनी जाते तेव्हा केवळ गाड्यांचा पुरवठा थांबत नाही. कारागिरांना शिकविणारे वर्ग, दरवर्षीची सुधारित दुरुस्ती-पुस्तके, विशेष हत्यारे, दाब मोजण्याची उपकरणे आणि ठरावीक प्रतीचे तेल हे सर्व तिच्याबरोबर जाते. साध्या गिअरबॉक्सला त्याची फारशी गरज भासत नाही. स्वयंचलित गिअरबॉक्स मात्र यांच्यावाचून मुका असतो.

गाड्या मात्र येत राहिल्या. वकिलातींचे अधिकारी आणि परदेशी पाहुणे यांच्या वापरलेल्या मोटारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. उद्योगपती, चित्रपट व्यवसायातील मंडळी आणि जुनी राजघराणी यांच्याकडे त्या पोहोचत. १९६० च्या दशकातील हिंदी चित्रपटांत इंपाला ही ऐश्वर्याची खूण झाली, ती याच मार्गांनी आलेल्या गाड्यांमुळे. अशा रीतीने यंत्र आले आणि त्याचे शास्त्र दाराबाहेर राहिले.

खोलून पाहण्याची विद्या

त्या काळी महाराष्ट्रातील मिस्त्री कोणत्या यंत्रावर घडत होता? मुंबईत तो फियाट ११०० वर, आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने निघालेल्या त्याच गाडीवर घडला. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. म्हणजे या गाडीने मिस्त्रींच्या जवळजवळ तीन पिढ्या घडविल्या. विदर्भात अॅम्बेसेडर, जीप आणि मालमोटारी होत्या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतून बांबू व इमारती लाकूड वाहणाऱ्या मालमोटारींचे चालक डबल क्लच मारून गिअर टाकीत. घाटात गिअर 'पडला' की नाही हे त्यांना दांडीच्या थरथरण्यावरून कळे.

या विद्येला कमी लेखण्याचे कारण नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक गिअरबॉक्सवर आणि मूठ कानाला लावून बेअरिंगचा आवाज ऐकणे, जळलेल्या क्लचप्लेटचा वास ओळखणे, ऑइल दोन बोटांत चोळून त्यातील लोखंडाचा चुरा जाणणे, ही खरी परीक्षणे आहेत. परंतु त्यांचा शेवट नेहमी एकाच वाक्यात होतो : 'खोलून बघू.' साध्या गिअरबॉक्सच्या बाबतीत हे वाक्य शास्त्रशुद्धच आहे. तुटलेला दात, झिजलेली सिंक्रोनायझरची रिंग, वाकलेला फोर्क यांपैकी काहीही गिअरबॉक्स खोलल्यावर नाहीसे होत नाही. पुरावा धातूत कोरलेला असतो, तो टेबलावर ठेवता येतो आणि मालकालाही दाखविता येतो.

स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये असे होत नाही. दोषाचा मुख्य पुरावा म्हणजे चालू यंत्रातील दाब, आणि यंत्र थांबले की तो पुरावा संपतो. पॅन उघडून झडपांचा संच काढला की कोणत्या वाटेत गळती होती, कोणती झडप अडकली होती, गव्हर्नर कोणत्या वेगाला जागा होत होता हे सांगणारे काहीच उरत नाही. हाती उरतात जळालेल्या क्लचच्या चकत्या. पण त्या कार्य आहेत, कारण नाहीत. नव्या चकत्या घालून तोच गिअरबॉक्स पुन्हा जोडला तर काही दिवसांनी त्याही जळतात, आणि 'ऑटो गिअर आपल्याकडे टिकत नाही' हा समज पक्का होतो. पुरावा जपून ठेवणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवितात. मिस्त्रीला त्याच्या यंत्रानेच उलट शिकविले होते.

निदानाचा क्रम

परदेशी कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तकांनी जो क्रम रूढ केला तो पाहिला म्हणजे पद्धतीतील हा फरक स्पष्ट होतो. त्यात हत्यार सर्वांत शेवटी येते.

पहिला प्रश्न : गाडीत गिअरबॉक्स नेमका कोणता आहे? हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण तो तसा नाही. १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगनमधील लिव्होनिया येथील हायड्रामॅटिकचा कारखाना आगीत भस्मसात झाला. त्यामुळे त्या वर्षीच्या काही कॅडिलॅक व ओल्ड्समोबाइल गाड्यांमध्ये ब्यूकचा डायनाफ्लो, तर काही पॉन्टिअॅकमध्ये शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड बसविला गेला. गाडीचे नाव वाचून पुस्तक उघडणारा अशा वेळी पहिल्याच पायरीवर चुकतो.

दुसरी पायरी तेलाची. येथेच भारतीय सवयीने सर्वाधिक घात केला असावा. इंजिन ऑइलची पातळी इंजिन बंद करून पाहतात. स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल मात्र गिअरबॉक्स गरम असताना, इंजिन चालू ठेवून पाहावे लागते. क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटमध्ये न्यूट्रलमध्ये आणि इतर अनेक गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये. इंजिन बंद असताना कन्व्हर्टरमधील तेल हळूहळू खाली पॅनमध्ये उतरते आणि काडीवर पातळी खऱ्याहून अधिक दिसते. ती पाहून 'तेल भरपूर आहे' असे म्हणणारा मिस्त्री प्रत्यक्षात तेल कमी असलेली गाडी रस्त्यावर पाठवितो. कमी तेलाने पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, दाब पडतो आणि गिअर उशिरा धरतो. गंमत अशी की, तेल प्रमाणाबाहेर जास्त झाले तरी फिरती चक्रे ते घुसळतात, पुन्हा फेस येतो आणि लक्षणे तीच दिसतात. म्हणून निव्वळ लक्षणावरून तेल वाढविणे वा काढणे धोक्याचे आहे.

तेलाचा रंग व वास हेही बोलके असतात. तांबडे स्वच्छ तेल निरोगी. तपकिरी आणि करपल्या वासाचे तेल जळलेल्या क्लचचे किंवा बँडचे. गुलाबी दुधाळ तेल म्हणजे रेडिएटरमधील कुलर फुटून पाणी शिरल्याची खूण. पण तेलाचाही इतिहास आहे. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये 'टाइप ए' हे प्रमाणित तेल आणले, आणि त्यात घर्षण योग्य राखण्यासाठी चक्क स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचे तेल वापरले जाई. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेक्सरॉन आले. १९७० च्या दशकाच्या आरंभी देवमाशाला संरक्षण मिळाल्यावर ते घटकद्रव्यही बदलावे लागले. फोर्डचे 'टाइप एफ' तेल याच्याहून वेगळ्या घर्षणाचे होते. म्हणजे तेल हा या यंत्राचा एक भागच आहे, केवळ वंगण नव्हे. ज्या बाजारात गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल हेच दोन प्रकार सर्वत्र ठाऊक होते, तेथे या भेदाचे महत्त्व कोण सांगणार होते?

तिसरी पायरी रस्त्यावरील चाचणी. गाडी चालवून कोणत्या वेगाला गिअर बदलतो, झटका बसतो की इंजिन क्षणभर मोकळे सुटते, हे नोंदवायचे. चौथी स्टॉल टेस्ट : ब्रेक घट्ट दाबून, डी मध्ये ठेवून, पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन इंजिनाचे फेरे पाहायचे, आणि तेही पाच सेकंदांहून अधिक नाही, कारण तेवढ्यात सारी शक्ती उष्णता बनून तेलात उतरते. फेरे ठरलेल्यापेक्षा जास्त झाले तर क्लच किंवा बँड घसरतो. कमी झाले तर इंजिन अशक्त आहे किंवा कन्व्हर्टरमधील मधल्या चक्राचा एकमार्गी क्लच सुटला आहे. पाचवी पायरी दाबमापनाची. गिअरबॉक्सच्या कवचावरील ठरावीक छिद्राला गेज लावले की सर्वच गिअरमध्ये दाब कमी असल्यास दोष पंपाचा, गाळणीचा किंवा नियंत्रक झडपेचा आहे, आणि एकाच गिअरमध्ये कमी असल्यास त्या वाटेवरील सीलचा आहे, हे समजते.

या सर्व नोंदी एकत्र आणणारा तक्ता हा या विद्येचा खरा गाभा होय. टॉर्कफ्लाइटचे उदाहरण घेऊ. त्यात मागचा क्लच पुढे जाण्याच्या सर्व गतींत लागतो. पुढचा क्लच फक्त तिसऱ्या गतीत आणि रिव्हर्समध्ये लागतो. पुढचा बँड दुसऱ्या गतीत आणि मागचा बँड रिव्हर्स व हाताने निवडलेल्या पहिल्या गतीत लागतो. डी मधील पहिल्या गतीत मागच्या बँडचे काम एकमार्गी क्लच करतो. आता गाडी पुढे जातच नाही, पण रिव्हर्स उत्तम आहे असे आढळले, तर संशय मागच्या क्लचवर. तिसरी आणि रिव्हर्स या दोन्हींत घसरत असेल, तर दोघांत समान असलेला पुढचा क्लच. डी मध्ये सुरुवातीला घसरते, पण हाताने पहिली निवडल्यावर व्यवस्थित ओढते, तर एकमार्गी क्लच. एकही बोल्ट न सैल करता दोष एका भागापर्यंत येऊन पोहोचतो. न्यायशास्त्रातील अन्वय-व्यतिरेकाची ज्यांना सवय आहे त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. जेथे जेथे दोष दिसतो तेथे तेथे काय आहे आणि जेथे दिसत नाही तेथे काय नाही, एवढेच पाहायचे आहे. ही विद्या कठीण नव्हती. ज्या कागदावर तो तक्ता छापलेला होता तो कागदच येथे दुर्मीळ होता.

मराठीत व्यवहारोपयोगी ज्ञानाच्या लेखनाची परंपरा मोठी आहे. नागपूरचे 'उद्यम' किंवा किर्लोस्करवाडीचे 'किर्लोस्कर' यांनी कारखानदारी मराठी घरांत पोहोचविली. परंतु ज्या यंत्राचा ग्राहक मूठभर, त्याच्या तक्त्याला छापखाना मिळण्याचे काही कारण नव्हते.

चुकीच्या निदानाचे काही नमुने

पद्धत नसली की निदान कोठे भरकटते याची तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले धुराचे. नंतरच्या काळातील पॉवरग्लाइड आणि १९६४ पासूनचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० यांवर निर्वात दाबाने चालणारा मॉड्युलेटर असतो. त्यातील पातळ पडदा फाटला की इंजिन गिअरबॉक्सचे तेल नळीवाटे ओढून जाळू लागते. सायलेन्सरमधून पांढरट निळा धूर निघतो, गिअर झटक्याने पडतात आणि तेल कमी होत जाते, पण जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. निळा धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, हे समीकरण आपल्या गॅरेजांत पक्के आहे. ते फियाटच्या बाबतीत खरेही आहे. पण या गाडीत त्या समीकरणाने इंजिन खोलले जाते, रिंगा बदलल्या जातात आणि धूर तसाच राहतो. मॉड्युलेटरची नळी काढून तिच्यात तांबडे तेल आहे का, एवढे पाहिले असते तर निदान दोन मिनिटांत झाले असते.

दुसरे उदाहरण कार्ब्युरेटरचे. मूळ कार्ब्युरेटरचे भाग मिळेनासे झाले की देशी गाडीचा कार्ब्युरेटर बसविण्याची चाल आपल्याकडे होती. त्यामागील कल्पकतेला दाद दिली पाहिजे. पण टॉर्कफ्लाइटमध्ये कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी जी दांडी असते, ती तेलाचा दाब अॅक्सिलरेटरच्या प्रमाणात वाढविते. नव्या कार्ब्युरेटरवर तिला अडकविण्याची जागा नसते, म्हणून ती बांधून ठेवली जाते किंवा काढून टाकली जाते. मग पूर्ण शक्ती देतानाही दाब किमान राहतो, क्लच घसरतात आणि जळतात. इंजिनाच्या दुरुस्तीने गिअरबॉक्स मरतो, आणि दोन्हींमध्ये काही आठवडे गेलेले असल्याने संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

तिसरे उदाहरण उभ्या गाडीचे. जुन्या मोटारी वर्षातून एकदोनदाच बाहेर निघतात. महिनोन्महिने उभ्या राहिल्याने कन्व्हर्टर रिकामा होतो, रबराचे सील कडक होतात. गाडी सुरू करून डी मध्ये टाकली तरी काही वेळ हलत नाही. कन्व्हर्टर भरेपर्यंत थांबले तर बहुधा ती चालू लागते. न थांबता अॅक्सिलरेटर दाबत राहिले तर अर्धवट दाबाखालील क्लच तेथेच करपतो. बॅटरी उतरलेल्या गाडीला धक्का देण्याची आपली हमखास युक्तीही येथे सर्वत्र चालत नाही. जुन्या गिअरबॉक्समध्ये चाकांच्या बाजूने चालणारा दुसरा पंप असे, म्हणून पुरेशा वेगाने ओढल्यास इंजिन सुरू होई. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर अनेक कंपन्यांनी तो पंप काढून टाकला. अशी गाडी मागची चाके जमिनीवर ठेवून ओढत नेल्यास आतील भाग तेलाविना फिरतात.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि मोठ्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिन बसविण्याची लाट आली. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखा निर्वात दाब नसतो, म्हणजे मॉड्युलेटरला सांगणारा कोणी उरत नाही. इंजिनाबरोबर साधा गिअरबॉक्स बसविणे हाच व्यवहार्य मार्ग होता. अनेक स्वयंचलित गिअरबॉक्स दोषामुळे नव्हे, तर या हिशेबामुळे भंगारात गेले.

खाणींतील दुसरी शाळा

येथपर्यंतचे विवेचन वाचून असे वाटेल की, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या गिअरबॉक्सचे ज्ञान या प्रांतात आलेच नाही. ते खरे नाही. ते आले, पण मोटारीतून नव्हे.

रेल्वेच्या डिझेल इंजिनांसाठी मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्याने द्रव आणि यंत्र यांचा मेळ घालणारी संक्रमणरचना शोधली. ती 'सुरी ट्रान्समिशन' या नावाने ओळखली जाते, आणि १९६२ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये नागपूर हे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सची स्थापना झाली, आणि दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, घुग्घुस या परिसरातील उघड्या खाणींत अवजड डंपर आले. दगड-कोळशाच्या राशी घेऊन चढ चढणाऱ्या या वाहनांत टॉर्क कन्व्हर्टर आणि दाबाने जुळणारे क्लच असतात. त्यांच्या देखभालीत गेज लावून क्लचचा दाब घेणे, स्टॉल टेस्ट करणे, तेलाचे तापमान लिहून ठेवणे ही नित्याची कामे आहेत. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उष्णता ही अशा तेलाची सर्वांत मोठी शत्रू आहे. त्यामुळे येथील खाणकामगाराला तापमानाच्या नोंदीचे महत्त्व पुस्तकाहून अधिक कळते.

पोंभुर्णा, बल्लारपूर, राजुरा या भागांतील अनेक घरांत खाणीच्या वर्कशॉपमध्ये काम करणारा एखादा माणूस सापडतो. त्याच गावातील मुख्य रस्त्यावर गॅरेज असते, आणि तेथे 'खोलून बघू' ही पद्धत चालते. दोघे एकमेकांना ओळखतात, एका पंक्तीला जेवतात. तरीही एकाची विद्या दुसऱ्याकडे गेलेली, निदान प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात, आढळत नाही. खाणीतील कारागिराजवळ गेज आहे, पण ते खाणीच्या फाटकाच्या आत. पुस्तक आहे, पण ते साहेबाच्या कपाटात. बाहेर त्याच्याजवळ पद्धत उरते, परंतु ती लावण्यास यंत्र नसते. गॅरेजवाल्यापुढे क्वचित यंत्र येते, पण पद्धत नसते. हा दुरावा बुद्धीचा नाही, संस्थांचा आहे, आणि निबंधाच्या आरंभी मांडलेल्या मताचा सर्वांत जवळचा पुरावा तो आहे.

नोंदवहीतील रिकामी जागा

महाराष्ट्रात एके काळी किती स्वयंचलित गाड्या होत्या आणि त्यांपैकी कितींचा गिअरबॉक्स बदलला गेला, याचा शोध घेऊ पाहणारा अभ्यासक साहजिकच नोंदणी पुस्तकाकडे वळेल. तेथे त्याची निराशा होते. नोंदणी पुस्तकात चासी क्रमांक असतो, इंजिन क्रमांक असतो. गिअरबॉक्सचा क्रमांक नसतो. इंजिन बदलले तर कार्यालयाला कळवावे लागते. गिअरबॉक्स बदलला तर कोणत्याही कागदाला त्याची गंधवार्ता नसते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी नोंदणीचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले आणि त्यांना 'व्हीए' ही अक्षरे असलेली पाटी देऊ केली. वाहन मूळ स्वरूपात असावे, त्यात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. फेरबदलाच्या खुलाशात चासी, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. गिअरबॉक्स येथेही राहून गेला. परिणामी बटणांचा डॅशबोर्ड शाबूत, पण खाली दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स आणि जमिनीतून वर आलेली दांडी, अशी मोटारही कागदावर मूळ स्वरूपातील ठरू शकते. जुन्या वाड्याचे दर्शनी तोरण जपून मागचा जिना पाडावा, तसा हा प्रकार आहे.

१९६० च्या दशकातील टॉर्कफ्लाइटचा क्रमांक गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूस, पॅनच्या वरच्या कडेवर कोरलेला असतो. चिंधीने तेलकट मळ पुसला की तो वाचता येतो. तपासणीसाठी गाडी कार्यालयात आलेलीच असते. त्याच वेळी हा क्रमांक, आणि तो नसल्यास त्याच्या जागी काय आहे, एवढे एका ओळीत लिहून घेतले तर पुढील अभ्यासकाला पहिले साधन मिळेल. दुसरे साधन अधिक घाईचे आहे. १९६०-७० च्या दशकांत मुंबईत या गाड्यांवर हात चालविलेले मिस्त्री आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि खाणींत डंपरवर काम केलेली पहिली पिढी निवृत्त होऊन चंद्रपूर परिसरातच राहते आहे. त्यांच्या मुलाखती घेताना 'तुम्ही काय दुरुस्त केले' यापेक्षा 'गिअरबॉक्स खोलण्याआधी तुम्ही काय पाहत होता' हा प्रश्न विचारावा, असे प्रस्तुत लेखक सुचवितो.